प्रवेश दिल्लीत, मुक्काम साताऱ्यात

परदेशी विद्यार्थ्यांचं काम माझ्याकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून आलं. मी रसायनशास्त्र शिकवते. आधी सांगलीत आणि पुढे साताऱ्यात, दोन्हीकडे अशी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्यासाठी वेगळा माणूस नेमावा एवढी संख्या कधीच नव्हती. इंग्रजी बरं आहे, मुलांमध्ये मिसळते, वसतिगृहाचीही माहिती आहे, एवढं पाहून प्राचार्यांनी फाईल माझ्या टेबलावर ठेवली. देशाच्या उच्च शिक्षण धोरणाबद्दल आज मला जे म्हणायचं आहे, ते त्या फायलीतून आणि तिच्यातल्या मुलांबरोबर काढलेल्या वर्षांतून आलेलं आहे.

आधी धोरण काय म्हणतं ते सांगते. २९ जुलै २०२० ला मंजूर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात, जगभरच्या विद्यार्थ्यांनी शिकायला भारतात यावं आणि त्यांना परवडणाऱ्या खर्चात उत्तम शिक्षण मिळावं, असं उद्दिष्ट आहे. जिथे परदेशी विद्यार्थी आहेत अशा प्रत्येक संस्थेत त्यांच्या स्वागतासाठी आणि मदतीसाठी स्वतंत्र कार्यालय हवं, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्याआधीच, एप्रिल २०१८ मध्ये, ‘स्टडी इन इंडिया’ हा उपक्रम सुरू झाला होता. २०२३ पर्यंत परदेशी विद्यार्थ्यांची संख्या दोन लाखांवर न्यायची, हा त्याचा संकल्प होता. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मंजूर जागांच्या वर आणखी २५ टक्क्यांपर्यंत जागा या मुलांसाठी ठेवायला परवानगी दिली.

आता प्रत्यक्ष आकडे. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१९-२० मध्ये देशात ४९,३४८ परदेशी विद्यार्थी होते. २०२१-२२ मध्ये ते ४६,८७८ झाले. करोनाचा फटका त्यात आहेच. पण त्या वर्षी उच्च शिक्षण घेणारे एकूण विद्यार्थी ४ कोटी ३३ लाख होते. म्हणजे हजारात जेमतेम एक मूल बाहेरच्या देशातलं. उलट २०२४ मध्ये परदेशात शिकणारे भारतीय विद्यार्थी १३ लाखांच्या वर गेले होते. महाराष्ट्रात येणारी बहुतेक मुलं पुण्यात राहतात. पुण्याला त्याची जुनी सवय आहे. डॉ. शां. ब. मुजुमदारांनी १९७१ मध्ये सिम्बायोसिसची सुरुवात केली ती परदेशी विद्यार्थ्यांना आधार देण्यासाठीच. खंबाटकी घाट उतरून इकडे आलं की मात्र ही मुलं क्वचितच दिसतात.

जागा आहेत, फी तुलनेने कमी आहे, संकेतस्थळही आहे. तरी आकडा का हलत नाही? माझा अनुभव सांगतो की प्रवेश दिल्लीच्या संकेतस्थळावर मिळतो, मुक्काम मात्र गावाला द्यावा लागतो. आणि पुढच्या वर्षीचा विद्यार्थी जाहिरात बघून येत नाही. आधीच्या विद्यार्थ्याने घरी फोनवर काय सांगितलं, त्यावर तो यायचं की नाही ते ठरवतो.

मुक्काम देणं म्हणजे काय, ते पहिल्या पंधरवड्यातच कळतं. विद्यार्थ्याचा व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर देशात पाऊल ठेवल्यापासून १४ दिवसांत त्याची नोंदणी व्हावी लागते. मोठ्या शहरांत त्यासाठी केंद्राचं कार्यालय असतं. आमच्यासारख्या जिल्ह्यांत हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयातून चालतं. अर्ज ऑनलाइन भरायचा. त्याला पासपोर्ट, व्हिसा, फोटो, महाविद्यालयाचं बोनाफाईड आणि राहण्याचा पुरावा जोडायचा. नेपाळ आणि भूतानची मुलं यातून मोकळी, बाकी सगळ्यांना हे करावंच लागतं. गाडी अडते ती राहण्याच्या पुराव्यावर. वसतिगृहात जागा नसली की खोली भाड्याने शोधायची. घरमालकाने परदेशी माणूस ठेवला की चोवीस तासांत त्याची माहिती देणारा सी फॉर्म भरावा लागायचा. हे ऐकलं की साताऱ्यात सदर बझारपासून शाहूपुरीपर्यंत एकच उत्तर मिळायचं, “मॅडम, पोरगं चांगलं दिसतंय, पण पोलिसांची भानगड नको.”

माणसं वाईट नव्हती. त्यांना भीती वाटत होती. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओसरीवर बसायची. फॉर्ममध्ये काय काय विचारलंय ते एकेक ओळ वाचून दाखवायची, त्यांच्यासमोरच भरायची, पावती छापून हातात द्यायची. नोंदणी बघणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्याचा फोन नंबरही द्यायची. एकदा ज्या घराने हे केलं, ते घर दुसऱ्या वर्षी स्वतःहून विचारायचं, “औंदा कुणी येणार हाय का?” अशा घरांची माझ्या वहीत एक यादी तयार झाली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी आमच्या शहरात उभी राहिलेली सगळी यंत्रणा म्हणजे ती वही. माझी बदली झाली असती तर ती माझ्याबरोबर गेली असती.

दुसरी अडचण आडनावाची. काही देशांत माणसाच्या पासपोर्टवर एकच नाव असतं. आमच्याकडे परीक्षेच्या अर्जात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि आईचं नाव असे चार रकाने. एक रकाना रिकामा राहिला की अर्ज पुढे सरकत नाही. एका विद्यार्थ्याच्या अर्जात कुणीतरी तेच नाव दोनदा टाकलं. मग गुणपत्रिकेवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळेना. त्या दुरुस्तीला त्याचं एक अख्खं सत्र गेलं. घरून आलेला प्रत्येक फोन तो वऱ्हांड्यात जाऊन घ्यायचा आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगायचा. ठीक नव्हतं हे मला माहीत होतं.

वर्गातली गोष्ट याहून मोठी. आमच्याकडे शिकवणं इंग्रजीत सुरू होतं आणि अवघड भाग आला की मराठीत येतं. समोरची मुलं माण, खटाव, जत, आटपाडीकडची असतात. त्यांना समजावं म्हणूनच शिक्षक मराठीत येतो, आणि ते योग्यच आहे. पण मागच्या बाकावर बसलेल्या सुदानच्या मुलाला नेमका अवघड भागच कळत नाही. यावर मी एकच उपाय केला. प्रयोगशाळेत त्याची जोडी जत तालुक्यातल्या एका मुलीशी लावली. ती हुशार होती, लिहायची छान, पण इंग्रजी बोलायचं म्हटलं की खाली बघायची.

टायट्रेशन चाललं होतं. ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली पडत होती, तो फ्लास्क हलवत होता. द्रावणात गुलाबी छटा यायची, विरून जायची. रंग आला असं वाटून तो थांबणार, तेवढ्यात ही म्हणाली, “नो, नो. वेट. इट विल गो.” खरंच रंग गेला. मग आणखी एक थेंब पडला आणि या वेळी फिकट गुलाबी टिकला. “नाऊ स्टॉप. दिस इज द एंड पॉइंट. पर्मनंट पिंक.” तिने वाचन घेतलं, त्याला दाखवलं, आणि तीन वेळा का करायचं तेही त्याला समजावून सांगितलं. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांसमोर तिने सगळी उत्तरं इंग्रजीत दिली. जतच्या मुलीला असा सराव देणारा कुठलाही क्लास आमच्या शहरात नाही. परदेशी विद्यार्थी आल्याने इथल्या मुलांना काय मिळतं, असं कुणी विचारलं की मी तिचं उदाहरण देते.

आता दिवाळीबद्दल. वसुबारसेच्या आधीच वसतिगृह रिकामं होतं. पोरं पिशव्या घेऊन एसटी स्टँडवर जातात आणि मेसला कुलूप लागतं. मे महिन्यातही तसंच. ज्यांचं गाव तीन तासांवर आहे त्यांच्या हिशोबाने आखलेली ही व्यवस्था. ज्याचं घर दोन विमानांपलीकडे आहे त्याने काय खायचं, हा प्रश्न कुठल्याच परिपत्रकात नसतो. पहिल्या वर्षी मेसच्या मावशीच म्हणाल्या, “एवढी पोरं कुठं जातील ओ मॅडम? माझ्याकडं जेवू द्या.” त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी ती मुलं भाजणीची चकली आणि मटणाचा रस्सा खाऊन आली. पुढे शिक्षक, क्लार्क, ग्रंथपाल, शिपाई अशा सगळ्यांनी दिवस वाटून घेतले. माणसांच्या चांगुलपणावर हे निभावलं. पण चांगुलपणावर धोरण उभं राहत नाही. त्यासाठी मेस चालू ठेवण्याचा खर्च अंदाजपत्रकात दिसावा लागतो.

ही मुलं गावाला काही देतही होती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा मी सांगलीत होते. सखल भागातल्या खोल्यांत राहणाऱ्या आमच्या मुलांना विश्रामबागेकडे हलवलं. पूर ओसरला आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी घरांतला गाळ काढायला घेतला. आमची परदेशी मुलंही फावडी घेऊन गेली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. गावभागातल्या ज्या आजींचं घर त्यांनी धुऊन काढलं, त्यांनी त्या मुलांची विचारपूस पुढे कितीतरी दिवस चालू ठेवली होती.

ऑगस्ट २०२१ ने मात्र मला सगळ्यात जास्त शिकवलं. काबूल तालिबानच्या हाती गेलं. आमचा एक अफगाण विद्यार्थी करोनाच्या काळात घरी गेलेला, तो तिकडेच राहिला. विमानं बंद, व्हिसाचे नियम बदललेले. अखेरचं वर्ष, प्रकल्प अर्धवट. त्याच्याकडे दिवसातून थोडाच वेळ वीज असायची. आम्ही विभागातल्या तिघांनी त्याचं मार्गदर्शन फोनवर केलं. संदेश पाठवून ठेवायचा आणि तो कधी पोचेल त्याची वाट बघायची. त्याचे प्रयोग इथल्या त्याच्या मित्राने करून दिले, आकडेमोड त्याने तिथे बसून केली. हे नियमात बसवायला विद्यापीठाची परवानगी लागली, ती मिळवली. तो पास झाला. त्या काळात मला कळलं की ज्याला आपण प्रवेश दिला, त्याची जबाबदारी तो आपल्या आवारात असेपर्यंतच नसते. पदवी हातात पडेपर्यंत ती आपल्याकडेच राहते.

त्याच महिन्यात, २५ ऑगस्टला, वाळवा तालुक्यातल्या कासेगावात डॉ. गेल ऑमव्हेट गेल्या. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसमध्ये जन्मलेल्या गेल बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थिनी म्हणून महाराष्ट्रात आल्या. पश्चिम भारतातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९७३ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे डॉ. भारत पाटणकरांशी लग्न झालं, १९८३ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. कासेगावच्या घरात स्वातंत्र्यसैनिक इंदुताई पाटणकर त्यांच्या सासू. त्या घरातूनच गेलनी लिहिलं, मोर्चे काढले, पाण्यासाठी आणि परित्यक्ता स्त्रियांसाठी उभ्या राहिल्या. इकडे सातारा जिल्ह्यात फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन आल्या, त्याही अमेरिकेतून. फलटणकरांच्या मराठी बोलीचा अभ्यास करायला त्या साठच्या दशकात तिथे राहिल्या. १९७८ मध्ये त्या भारतीय नागरिक झाल्या, १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली आणि फलटणच्या गोरगरिबांच्या मुलांना वाचायला-लिहायला शिकवण्यात आयुष्य घातलं.

सांगली आणि सातारा, दोन जिल्हे. दोन्हीकडे बाहेरच्या देशातून शिकायला आलेल्या विद्यार्थिनी आपल्या शिक्षक झाल्या. त्यांना कुठल्या मोहिमेने आणलं नव्हतं. इथे अभ्यासण्यासारखं काही आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि इथल्या घरांनी त्यांना ठेवून घेतलं. परदेशी विद्यार्थी मोठ्या शहरांपलीकडे येत नाहीत, असं बैठकांमध्ये ठामपणे बोललं जातं. मी तिथे या दोघींची नावं घेते.

लांबून आलेल्या मुलाला ठेवून घेणं ही तर साताऱ्याची विद्याच आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. सगळ्या जातीधर्मांची मुलं धनिणीच्या बागेत एकत्र राहत होती, एकत्र रांधत आणि जेवत होती. ज्या काळात एका विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. पैसे संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकून मुलांना जेवू घातलं. शिक्षणाचा प्रश्न आधी राहण्या-जेवण्याचा असतो, हे भाऊरावांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आधी बोर्डिंग, मग शाळा, मग महाविद्यालय, असा त्यांचा क्रम होता. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत आपण हा क्रम उलटा लावला आहे. आधी जागा वाढवल्या, मग संकेतस्थळ केलं, आणि राहण्याचं ज्याचं त्याने बघावं असं ठेवलं.

जून २०२५ मध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इथे शाखा काढण्यासाठी इरादापत्रं दिली गेली. त्यांत यॉर्क, अॅबरडीन आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया ही विद्यापीठं आहेत. त्याचं स्वागत करावं. मुंबईतल्या ज्या घरांना परवडेल त्यांची मुलं इथेच राहून शिकतील. पण बाहेरची मुलं भारतात यावीत हा वेगळा विषय आहे, आणि त्यात आमच्या भागाकडे देण्यासारखं पुष्कळ आहे.

मी एकदा इथिओपियाच्या एका विद्यार्थ्याला टेंभू योजना दाखवायला नेलं होतं. कराडजवळून उचललेलं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्याने वर चढवत खानापूर-आटपाडीच्या माळावर नेलं आहे. वरच्या हौदात मोठ्या नळांतून पाणी कोसळताना बघून सगळे फोटो काढतात. त्याने फोटो काढला नाही. त्याने सोबतच्या शेतकऱ्याला विचारलं, “विजेचं बिल कोण भरतं?” त्या शेतकऱ्याने ८१ आणि १९ चं सूत्र सांगितलं. ८१ टक्के शासन, १९ टक्के शेतकरी. मग पाणीपट्टी कशी गोळा होते, टोकाच्या शेताला पाणी पोचतं का, ज्याला जमीन नाही त्याचं काय, असे प्रश्न निघत गेले आणि दोघं बांधावर बसून कितीतरी वेळ बोलले. मी मधे दुभाषी. आटपाडीच्या समन्यायी पाणीवाटपाची, येरळेवर लोकांनी बांधलेल्या बळीराजा धरणाची गोष्ट त्याने वहीत उतरवून घेतली. दुष्काळी मुलखातून आलेल्या त्या मुलाला हवा होता तो अभ्यासक्रम आमच्या माळावर पसरलेला आहे. तो लिहून काढायचं काम तेवढं कुणी केलेलं नाही.

पाणी हा एक विषय. सहकारी साखर कारखाना कसा चालतो, तासगावचा बेदाणा कसा बनतो, १८९४ मध्ये सुरू झालेल्या वानलेस रुग्णालयाच्या मिरजेत आरोग्यसेवा कशी वाढली, मिरजेच्या कारागिरांच्या हातून तंबोरा कसा घडतो, फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत १९६८ पासून काय काम झालं, कासच्या पठारावर एवढ्याशा मातीत एवढ्या जातींची फुलं कशी येतात. आफ्रिकेतल्या आणि आग्नेय आशियातल्या मुलांना हे त्यांच्या देशात उपयोगी पडेल असं ज्ञान आहे. ते लंडनमध्ये मिळत नाही. सहा आठवड्यांचे, एका सत्राचे असे अभ्यासक्रम शिवाजी विद्यापीठाने आणि साताऱ्याच्या कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठाने मिळून तयार केले, तर विद्यार्थी या मातीसाठीच येईल. पुण्यात जागा मिळाली नाही म्हणून येणार नाही.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी अवाढव्य नाहीत. प्रत्येक महाविद्यालयात स्वतंत्र कार्यालय परवडत नसेल तर जिल्ह्याला एक असावं, सगळ्या महाविद्यालयांनी मिळून चालवलेलं. तिथे पूर्ण वेळ पगारी माणूस असावा आणि त्याची वही कार्यालयाची असावी. पोलीस अधीक्षक कार्यालयाबरोबर बसून घरमालकांची नोंदलेली यादी तयार करावी. एक तरी वसतिगृह आणि त्याची मेस दिवाळीत आणि मे महिन्यातही चालू राहावी. आल्यावर पहिल्या महिन्यात मुलांना बोलण्यापुरतं मराठी शिकवावं, फुकट, म्हणजे बाजारात आणि एसटीत त्यांना कुणाचा हात धरावा लागणार नाही. परीक्षेच्या अर्जात एका नावाच्या माणसासाठी सोय व्हावी.

आणि मोजणी बदलावी. आज मानांकनासाठी आमच्याकडून किती परदेशी विद्यार्थी आहेत हा आकडा मागतात. त्यांतले किती पदवी घेऊन गेले, कितीजण मधेच परतले आणि का, हे कुणी विचारत नाही. ज्या दिवशी ही दोन उत्तरं दिल्लीच्या सर्वेक्षणात छापली जातील, त्या दिवसापासून प्रत्येक संस्था आपली मेस आणि आपली खोली आधी बघेल. दोन लाखांचा आकडा मग आपोआप जवळ येईल, कारण समाधानाने परतलेला एक विद्यार्थी आपल्या गावातून दुसऱ्याला पाठवतो. हे मी माझ्या फायलीत घडलेलं पाहिलं आहे. त्या सुदानच्या मुलामागून त्याचा चुलतभाऊ आला, आणि त्याच्यासाठी खोली शोधायला मला कुठेही जावं लागलं नाही.